पायपेटीच्या मास्तरांना, जाहीर आभार

आदरणीय मास्तर,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हांला वाचून दाखवणार आहे. सावकाश वाच, असं तिला सांगितलंय, आणि मास्तर मध्येच 'पुरे गो' म्हणाले तरी थांबू नकोस, असंही. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही तुमच्या त्या पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमचं, पायपेटीचं, झाकण पुसायला घेता आणि चहा झाला का विचारता. म्हणून यंदा चारचौघांत लिहितेय.

निमित्तही तसंच आहे. आमच्या मालिकेचे ५०० भाग झाले. सेटवर केक कापला, सगळ्यांना दोन-दोन शब्द बोलायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी इथे उभी आहे ती आमच्या मास्तरांमुळे." टाळ्या झाल्या. नंतर मेकअप करणारी मुलगी हळूच म्हणाली, "ताई, कुठले मास्तर? तुम्ही ॲक्टिंगचा क्लास केला होता?" पुढचा सीन लागला होता, असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे आमचा एडी, हाका मारत होता, तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

मी तुमच्याकडे आले ती सत्यवती करायला. आमच्या मंडळाने स्पर्धेसाठी 'संगीत मत्स्यगंधा' बसवायचं ठरवलं आणि गळा आहे म्हणून मला उभं केलं. माझा गळा म्हणजे काय, तर भजनात आणि जत्रेच्या नाटकांत कमावलेला, कॅसेट ऐकून पदं उचललेला. फोंड्याच्या पुढे तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले त्या दिवशी तुम्ही पेटी उघडलीच नाहीत. 'अर्थशून्य भासे मज हा' ही ओळ नुसती बोलायला लावलीत. मी बोलले, तुम्ही मान हलवलीत. परत बोलले, परत मान. मग म्हणालात, "'अर्थ'वर जीभ जरा अडते ना? अडू दे तिला. घाईने पुढे नेऊ नको." आणि मी डोळ्यांत पाणी आणून ओळ म्हणायला लागले तेव्हा पहिल्यांदा रागावलात. "ती रडत नाहीय गो. रडून झाल्यानंतरचं पद आहे हे."

चार महिने मी ती ओळ घासली. आणि त्या चार महिन्यांत तुमच्या तोंडून आशालता वाबगावकर ऐकत गेले.

तोवर आशालताबाई मला ठाऊक होत्या त्या सिनेमातली आई म्हणून. माहेरच्या टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या सिनेमांत त्या कुणाची तरी आई, कुणाची तरी काकू असायच्या, पदर खांद्यावरून घेतलेला, चेहऱ्यावर काळजी. त्या आपल्या गोव्याच्या, आणि तुमच्या लेखी त्या पहिल्यांदा गायिका, हे मला तुमच्या ओसरीवर कळलं. गोवा हिंदू असोसिएशनच्या 'संशयकल्लोळ'मध्ये त्या रेवती झाल्या, आणि पुढे १ मे १९६४ ला 'मत्स्यगंधा'चा पडदा उघडला तेव्हा सत्यवती. वय २२. नाटक आणि पदं वसंत कानेटकरांची, दिग्दर्शन मास्टर दत्ताराम यांचं, समोर पराशर म्हणून रामदास कामत, आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गोवा मुक्त होऊन तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. अभिषेकीबुवा मंगेशीचे, बाई गोव्याच्या, संस्था मुंबईतल्या गोवेकरांची. ही नावं तुम्ही घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेत होतात.

संगीत नाटक संपलं असं लोक म्हणत असतानाचा तो काळ. त्यात अभिषेकीबुवांनी पदं लांबवली नाहीत. प्रसंगाला हवं तेवढंच गाणं ठेवलं. तुम्ही म्हणायचात की ह्यामुळे गाणाऱ्या नटीवर जास्त जबाबदारी आली. जुन्या नाटकात पद वीस मिनिटं चाललं तर मधल्या मधल्या तानांत भूमिका विसरली तरी चालायचं, वन्समोअर मिळायचाच. इथे दोन-तीन मिनिटांत सत्यवती दिसली पाहिजे. बालकवींची 'गर्द सभोती रान साजणी' ही कवितासुद्धा त्या नाटकात पद होऊन आली, आणि आशालताबाईंच्या आवाजात ती आज इतकी मुरली आहे की पुष्कळांना ती आधी कविता होती हे आठवत नाही.

तुम्ही 'मत्स्यगंधा' पाहिलंत ते शाळकरी वयात, मुंबईला मामांकडे गेला असताना. प्रयोगातलं मला काही सांगा म्हटलं तर एवढंच सांगायचात, की परत येताना मामा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि मामा म्हणजे गप्प बसणारा माणूस नव्हे.

आमचा प्रयोग बरा झाला. पुढच्या प्रयोगांच्या तारखा घ्यायच्या होत्या तेवढ्यात २०२० चा मार्च आला. त्याबद्दल काय लिहू, सगळ्यांनी भोगलंय. जत्रा झाल्या त्या नाटकांशिवाय. तुमची पेटी बंद, माझी सत्यवती ट्रंकेत घडी घातलेल्या शालूसारखी.

२२ सप्टेंबरला संध्याकाळी तुमचा फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता म्हणालात, "सत्यवती गेली गो." साताऱ्याला 'आई माझी काळूबाई' मालिकेचं चित्रीकरण करत असताना आशालताबाईंना कोरोना झाला आणि तिथेच त्या गेल्या. ७९ वर्षांच्या होत्या. बातम्यांत 'ज्येष्ठ अभिनेत्री' म्हणाले, सिनेमांची नावं वाचली, आणि तुम्ही मला म्हणालात, "७९ व्या वर्षी बाई कामावर होत्या, एवढं लक्षात ठेव." मी तेव्हा नुसतं 'हो' म्हटलं. ते वाक्य माझ्या उपयोगी पडायला पुढचे आठ महिने जायचे होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं आणि मालिकांची युनिटं गोव्यात आली. एका मालिकेला स्थानिक बाई हवी होती, नायिकेची मावशी, तीन-चार सीन. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेले, आणि पहिल्याच सीनला माझी जी गत झाली ती तुम्हांला रात्री फोनवर सांगताना मला बोलता येत नव्हतं.

वाक्य होतं, "जेवून घे, थंड होईल." बस. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी ते म्हटलं आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने कानावरचा हेडफोन बाजूला ओढला. दिग्दर्शक चांगला माणूस, म्हणाला, "ताई, मागच्या रांगेला ऐकवायचं नाहीये, इथे माइक आहे," आणि माझ्या पदरात लपवलेल्या माइककडे बोट दाखवलं. दुसऱ्या टेकला मी आवाज खाली आणला तर शब्दच मेले. पाचव्या टेकनंतर तो म्हणाला, चला, चालेल. 'चालेल' हा शब्द संगीत नाटकात काम केलेल्या माणसाला किती लागतो ते तुम्हांला सांगायला नको. आयुष्यभर शब्दफेक कमावली, शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यापर्यंत 'ष' आणि 'श' वेगळे पोचवले, आणि इथे तेच सगळं उलटं पडलं. मी तुम्हांला म्हटलं, मास्तर, गाणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे, उद्या जाऊन नाही म्हणून सांगते.

तुम्ही म्हणालात, "नाही म्हणायला सकाळी फोन पुरेल. आता घरी ये."

नातीच्या फोनवर तुम्ही 'अंकुश'मधली प्रार्थना लावलीत. १९८६ चा सिनेमा. 'इतनी शक्ति हमें देना दाता' ऐकलं नाही असं शाळेत गेलेलं माणूस सापडणं कठीण, पण मी ते गाणं पडद्यावर नीट पाहिलं ते त्या रात्री. गातंय कोण, तर सुषमा श्रेष्ठ आणि पुष्पा पागधरे. पडद्यावर हात जोडून उभी कोण, तर आपली सत्यवती, आजीच्या वेषात. वय त्यांचं तेव्हा ४५ च्या आसपास, आणि वाट्याला आजी.

मला ते बघून वाईट वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं. जिने शेकडो माणसांपुढे स्वतःच्या छातीतून पद उभं केलं तिला दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायला लावले. तुम्ही गाणं थांबवलंत. मागे घेतलंत. म्हणालात, "आवाज बंद कर आणि बघ." नातीने आवाज बंद केला. मग आपण तिघांनी ते मुकं गाणं पाहिलं, दोनदा. तुम्ही बोट ठेवून दाखवत होतात, बघ, बाई श्वास कुठे घेतात. ओळ संपली म्हणून तोंड मिटलेलं नाही. पुढची ओळ आत चालू आहे. "दुसऱ्याचा आवाज आहे, पण गाणं हिचंच आहे. गाणाऱ्या माणसाचा चेहरा ओठांआधी गातो."

आणि मग तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी अजून विचार करते. बोलपट नवे होते तेव्हा पडद्याला गाणारी माणसं हवी होती, कारण कॅमेऱ्यापुढे स्वतःच गावं लागे. नाटकातली मंडळी गळ्याच्या जोरावर तिकडे गेली. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. पार्श्वगायन आल्यावर ती गरज उरली नाही. आशालताबाई सिनेमात गेल्या त्या काळात गळा ही गोष्ट तिथे कुणी विचारतच नव्हतं. म्हणजे त्यांना सिनेमाने बोलावलं ते गाणं वजा करून. उरलेल्या बाईवर त्यांनी शंभराहून अधिक सिनेमे केले. "मग उरलं काय होतं, ते शोध," असं तुम्ही म्हणालात आणि झोपायला गेलात.

दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणायला फोन केला नाही. बासू चटर्जींचा 'अपने पराये' पाहिला. १९८० चा, शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'निष्कृती'वरचा. त्यात अमोल पालेकर आहेत, शबाना आझमी आहेत, उत्पल दत्त आहेत, आणि एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ आहेत आशालताबाई. हिंदीतलं त्यांचं हे पहिलंच मोठं काम आणि त्याला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. माझं प्रामाणिक मत सांगू? हिंदी सिनेमाने त्यांना पुन्हा एवढी मोकळी जागा फारशी दिलीच नाही. एकदा आई दिसली की आईच. ह्याचा मला राग आहे आणि तो राहील. पण त्या थोरल्या जावेचं भोळेपण, दुसऱ्याचं ऐकून पटकन कान हलके होणं आणि लगेच मायेने परत फिरणं, हे सगळं त्या आवाज न चढवता करतात. वाक्याचा शेवट सोडून देत नाहीत. शेवटचा शब्द बोलून झाला तरी तो थोडा वेळ खोलीत राहतो. हे मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला कळलं. तुमच्या पेटीवर. पाय थांबला तरी भात्यातली हवा संपेपर्यंत दाबून धरलेला स्वर रेंगाळतो ते.

संध्याकाळी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, आस, रेंगाळणाऱ्या स्वराची. उरली होती ती आस.

तुम्ही हसलात, आणि त्या दिवशी पायपेटी उघडलीत. काळी चार पट्टीचा सूर धरून ठेवलात आणि म्हणालात, "आता म्हण तुझी मावशी." मी म्हटलं, "जेवून घे, थंड होईल." "सम कुठे?" मी म्हटलं, मास्तर, सम तालाची, पहिल्या मात्रेची; ह्याला कसली सम? "प्रत्येक वाक्याला असते. 'जेवून' वर घेतलीस तर हुकूम होतो. 'घे' वर घेतलीस तर विनवणी. तुझ्या मावशीला काय पाहिजे?" दोन तास आपण त्या वाक्यावर बसलो. कधी 'थंड'च्या आधी अर्धी मात्रा थांबायला लावलंत, कधी 'होईल' पुरतं बोलूच दिलं नाहीत. काकी आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली, आणि तिसऱ्यांदा दारात येऊन म्हणाली, "जेवून घ्या, थंड होता मरे." तुम्ही पेटीवरचा हात उचललात आणि माझ्याकडे बघितलंत. मी ते कसं म्हणायचं ते तिथे शिकले. तिने 'घ्या' वर जोर दिला नव्हता, 'थंड'वरही नाही. सगळं वजन त्या कोंकणी 'मरे'वर होतं, 'अहो, बाबा' म्हणावं तशा, जो माझ्या संवादात नव्हताच. मी तो 'मरे' मनात म्हटला, तोंडाने नाही.

दुसऱ्या दिवसाच्या सीनला दिग्दर्शकाने 'चालेल' म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, पुढचा शॉट लावला. मी ओळखलं.

युनिट थोड्याच दिवसांत परत गेलं, पण मावशीला मुंबईत बोलावणं आलं. तिथल्या पहिल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. खोलीचं डिपॉझिट, मालिकेचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येणारे, एका ठिकाणी तर अर्धे आलेच नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला पाकीट दिलंत. वर जत्रोत्सव समितीचा शिक्का आणि तुमचं नाव, म्हणजे कधीतरी मिळालेली बिदागी, न उघडलेली. आत अकरा हजार होते. मी पाकीट परत केलं तर म्हणालात, "उसने आहेत. सत्यवतीच्या पुढच्या प्रयोगाला फेड." मी अजून फेडलेले नाहीत मास्तर, कारण प्रयोग अजून झालेला नाही.

मुंबईत मी आशालताबाईंचं काम शोधून शोधून पाहिलं. 'उंबरठा' पाहिला, 'नवरी मिळे नवऱ्याला' पाहिला, 'माहेरची साडी' परत पाहिला. कुठे भूमिका चार वाक्यांची, कुठे नुसती रागीट, कुठे नुसती सोशीक. सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, काही सिनेमांत त्यांना करण्यासारखं काही नव्हतंच. पण मला आता त्यांचं ऐकणं दिसतं. समोरचा बोलत असताना बाई आपल्या ओळीची वाट बघत उभ्या नसतात. संगीत नाटकात समोरचा पाच मिनिटं पद गात असताना तुम्हांला रंगमंचावर करायला काहीच नसतं, फक्त ऐकायचं असतं, आणि ते सगळ्यांना दिसत असतं. पराशर गात असताना सत्यवतीने काय करायचं, ह्यावर तुम्ही माझी एक अख्खी तालीम घेतली होतीत. मला तेव्हा वाटलं होतं, माझं पद बसवायचं सोडून हे काय. मालिकेत माझं निम्मं काम तेच आहे. दुसऱ्याच्या क्लोजअपनंतर माझी प्रतिक्रिया घेतात तेव्हा समोर कधीकधी माणूसही नसतो, एडी सपाट आवाजात संवाद वाचत असतो. मी रामदास कामतांचं 'गुंतता हृदय हे' आत चालू करते आणि ऐकते.

त्या मेकअप करणाऱ्या मुलीला मी परवा माझ्या फोनवर 'अर्थशून्य भासे' ऐकवलं. मग प्रार्थना दाखवली, आणि सांगितलं की ही दोन्ही एकच बाई. तिला खरं वाटेना. "मग त्यांनी स्वतः का नाही गायलं?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि तो बरोबरच आहे. मी तिला आवाज बंद करायला सांगितलं. आता युनिटमधल्या तिघीचौघी दुपारच्या सुट्टीत हे बघतात. त्यांतली एक चांगली गाते, एकांकिकांतून आली आहे आणि मालिकेत आल्यापासून रियाज सोडून बसली होती. तिच्यासाठीही हे पत्र उघडपणे लिहिलं.

एक गोष्ट राहिली. नातीने सांगितलं की पायपेटीच्या भात्याचं चामडं चिरलंय, हवा धरत नाही, आणि तुम्ही ते कुणाला सांगू नको म्हणून तिला बजावलंत. मला सुट्टी १४ तारखेपासून आहे, पाच दिवस. इथला पेट्या दुरुस्त करणारा एक कारागीर माझ्याबरोबर येतोय, त्याचं येण्याजाण्याचं मी बघितलंय, त्यावर बोलायचं नाही. मंडळाच्या मुलांशीही बोलले आहे. पराशर करणारा दुबईला गेला, पण नवा मुलगा मिळालाय आणि त्याचा आवाज तुम्ही ऐकावा असं त्यांचं म्हणणं आहे. दत्तजयंतीच्या आसपास तारीख मिळते का बघतायत.

तालमीला मी रोज येऊ शकणार नाही, ते आधीच सांगते. पण फोनवर घ्या. मला पेटी ऐकू आली की पुरे.

काकींना नमस्कार. जेवून घ्या वेळेवर.

तुमची,
मावशी आणि सत्यवती